एक वर्ष, अनेक आकडे : परळचा शिलालेख आणि कालनिर्देशाचे वाचन

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• कोरीव लेखातील शकाचा आकडा ‘गत’ आहे की ‘वर्तमान’, हा प्रश्न का विचारावा लागतो ते सांगता येईल.
• शकवर्षावरून साठ संवत्सरांपैकी त्या वर्षाचे नाव काढता येईल.
• शकवर्षाचे इसवी सनात रूपांतर करताना महिन्याचा विचार करता येईल.
• एकच वर्ष विक्रम, हिजरी, यज्दगर्दी इत्यादी गणनांत कसे नोंदले जाते हे समजावून सांगता येईल.
• आरंभीच्या मराठी वाङ्मयाच्या कालक्रमाविषयीची विधाने तपासून पाहता येतील.

२. प्रास्ताविक

मुंबईत नवे वर्ष एकदाच सुरू होत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गिरगावातून शोभायात्रा निघते आणि मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहतात. काळबादेवी आणि झवेरी बाजारातील गुजराती व्यापारी दिवाळीत चोपडापूजन करतात. त्यांचे नवे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे. दादरच्या पारशी कॉलनीत नववर्षाच्या शुभेच्छा ऑगस्ट महिन्याच्या मध्यास दिल्या जातात. डोंगरी आणि भेंडीबाजारात मोहरमचा चंद्र दिसला की हिजरी सनाचा आकडा बदलतो आणि तो दिवस दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. या सर्वांच्या जोडीला १ जानेवारी आहेच. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत या सगळ्या गणना एकाच चौकटीत दाटीवाटीने छापलेल्या असतात. आपण त्या रोज पाहतो, पण त्यांचा परस्परसंबंध क्वचितच तपासतो.

प्राचीन मराठीचा अभ्यास करताना मात्र हा संबंध तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताम्रपट, शिलालेख आणि हस्तलिखिते यांवर इसवी सन नसतो. तो आपण, म्हणजे आधुनिक अभ्यासक, बाहेरून जोडतो. पाठ्यपुस्तकात ‘शके अमुक (इ. स. अमुक)’ असे छापलेले असते, तेव्हा कंसाबाहेरचा आकडा हा पुरावा असतो आणि कंसातील आकडा हा कोणीतरी केलेला हिशेब असतो. पुराव्याप्रमाणे हिशेबही तपासून पाहायचा असतो.

हा हिशेब कसा करतात हे समजून घेण्यासाठी आपण मुंबईच्याच भूमीतील एक शिलालेख आणि त्याचे एकच वर्ष निवडणार आहोत. तो लेख परळचा, शिलाहार राजा अपरादित्य दुसरा याच्या काळातील.

३. परळचा शिलालेख

इसवी सनाच्या बाराव्या शतकात आजची मुंबई एकसंध नव्हती. परळ, माहीम, माझगाव, वरळी ही खाड्यांनी विभागलेली बेटे होती. उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती आणि स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे प्रमुख नगर होते. या राजवटीचे अनेक ताम्रपट व शिलालेख उपलब्ध असून मराठी भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत.

परळ परिसरात मिळालेला हा लेख एका दानाची नोंद करतो. षट्षष्टी, म्हणजे साष्टी प्रदेशातील ‘महावली’ या गावातील एका वाडीचे चोवीस द्रम्म इतके ठरीव उत्पन्न दर्भावती येथील वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी लावून दिल्याचे त्यात म्हटले आहे. ही वाडी अनंतपै प्रभू यांच्या ताब्यातील होती. महावली म्हणजे कुर्ल्याजवळचे माहूल असावे, असे अभ्यासक मानतात. दर्भावती म्हणजे गुजरातमधील डभोई. लेख लिहिणाऱ्या कायस्थाचे नाव वालिग पंडित असे आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. अखेरीस मात्र भाषा बदलते. हे दान मोडणाऱ्यास उद्देशून दिलेला शाप मराठीत आहे आणि ‘गधेगाळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील तो आहे. राजाची बिरुदे आणि धर्मवचने संस्कृतात. पण ‘हे दान मोडू नका’ ही ताकीद गावातल्या माणसाला समजेल अशा भाषेत. म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाला हा लेख मोलाचा वाटतो. बाराव्या शतकात या बेटांवर लोकांच्या तोंडी कोणती भाषा होती, याची साक्ष तो देतो.

साक्ष मोलाची असेल, तर ती कोणत्या वर्षाची हे निश्चित करणे आले. परळलाच १९३१ साली सापडलेले सुप्रसिद्ध शिवशिल्प आठवा. त्यावर साल नाही. त्यामुळे केवळ घडणीच्या शैलीवरून त्याचा काळ सुमारे सहावे शतक असा मोघम सांगावा लागतो. शिलाहार लेखाच्या बाबतीत आपण अधिक सुदैवी आहोत, कारण त्यात कालनिर्देश आहे. तरीही अभ्यासग्रंथ चाळले, तर काही ठिकाणी या लेखाचे वर्ष शके ११०८ असे आढळते, तर काही ठिकाणी शके ११०९. इसवी सन मात्र दोन्हीकडे ११८७ दिलेला असतो. दोन शकवर्षे आणि एकच इसवी सन, हे कसे?

४. गत वर्ष आणि वर्तमान वर्ष

या प्रश्नाचे उत्तर वर्षे मोजण्याच्या दोन पद्धतींत आहे. एखाद्या मुलाचे वय सांगताना आपण ‘त्याला पाच वर्षे पूर्ण झाली’ असे म्हणतो किंवा ‘त्याला सहावे वर्ष चालू आहे’ असे म्हणतो. मूल तेच, दिवसही तोच. आकडे मात्र पाच आणि सहा. पहिला आकडा गत वर्षांचा, दुसरा वर्तमान वर्षाचा.

शककालाचेही असेच आहे. मध्ययुगाच्या आरंभीच्या लेखांत ‘शकनृपकालातीत’ अशा प्रकारचा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्यातील ‘अतीत’ या पदाकडे लक्ष द्या. शकराजाच्या काळापासून इतकी वर्षे उलटून गेली, असा त्याचा अर्थ. म्हणजे अशा ठिकाणचा आकडा गत वर्षांचा असतो. (‘शालिवाहन शक’ हे नाव पुढच्या काळात रूढ झाले; शिलाहारांच्या लेखांत ते शोधू नये.) मात्र सर्वच लेखक हा नेम पाळत नसत. काही लेखांत आकडा वर्तमान वर्षाचाही असतो आणि तसे स्पष्ट सांगितलेले नसते.

महाराष्ट्रातील पंचांगांत आज छापला जाणारा शकाचा आकडाही मुळात गत वर्षांचाच आहे, जरी आपण तो ‘चालू शक’ म्हणून वापरत असलो तरी. म्हणून या घटकात ‘शके’ असे जेथे म्हटले आहे, तेथे गत वर्ष समजावे.

आता परळच्या लेखाकडे वळू. गत ११०८ आणि वर्तमान ११०९ ही एकाच वर्षाची दोन नावे आहेत. ग्रंथांतील दोन आकड्यांचा मेळ अशा रीतीने बसू शकतो. पण ‘बसू शकतो’ एवढ्यावर अभ्यासकाने थांबू नये. ११०९ हाच आकडा कोणी गत वर्ष म्हणून घेतला, तर लेख एका वर्षाने पुढे सरकेल. या दोन शक्यतांपैकी एक निवडण्यासाठी दुसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा.

५. संवत्सराची साक्ष

हा साक्षीदार म्हणजे संवत्सराचे नाव. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे चक्र आपल्याकडे चालते. नर्मदेच्या दक्षिणेकडे दर चैत्री पाडव्याला संवत्सर क्रमाने बदलते; उत्तरेकडे गुरूच्या गतीशी संबंध राखल्यामुळे मधूनच एखादे नाव गाळले जाते, म्हणून तेथील नावे वेगळी येतात. दक्षिणेकडील नाव काढण्याची रीत सोपी आहे :

शकवर्षात १२ मिळवा, येणाऱ्या संख्येला ६० ने भागा आणि बाकी पाहा. बाकी हाच संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली, तर साठावे संवत्सर.

शके ११०८ साठी : ११०८ + १२ = ११२०. ११२० ला ६० ने भागले असता बाकी ४०. चाळिसावे संवत्सर ‘पराभव’.
शके ११०९ साठी : ११०९ + १२ = ११२१. बाकी ४१. एकेचाळिसावे संवत्सर ‘प्लवंग’.

परळच्या लेखाचे संवत्सर पराभव आणि महिना माघ आहे. त्यामुळे प्रश्न सुटतो. पराभव संवत्सर शके ११०८ गत या वर्षाशीच जुळते. कोणी ११०९ असा आकडा दिला असेल, तर तो वर्तमान वर्षाचा समजला तरच संवत्सराशी जुळेल. ११०९ गत मानल्यास संवत्सर प्लवंग यायला हवे होते.

येथे एक पद्धत लक्षात ठेवावी. आकडा कोरताना, वाचताना किंवा छापताना चुकू शकतो. झिजलेल्या दगडावर आठ आणि नऊ यांची गल्लत होऊ शकते. परंतु आकडा, संवत्सर, महिना, तिथी आणि वार हे सगळे एकाच दिशेने चुकणे कठीण. म्हणून जुन्या लेखांतील कालनिर्देशाचे हे घटक एकमेकांवर पडताळून पाहायचे असतात. या प्रकारच्या पडताळणीला शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव अग्रभागी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या या विद्वानाने भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही बाहेर आला आणि कोरीव लेखांच्या अभ्यासकांच्या हाती कोष्टके आली.

जाता जाता, ‘पराभव’ या शब्दाच्या अर्थावरून त्या वर्षाविषयी कोणताही तर्क करू नये. ते चक्रातील एका स्थानाचे नाव आहे. शके १९४८, म्हणजे २०२६–२७ हे वर्षही पराभव संवत्सराचेच आहे. १९४८ मधून ११०८ वजा केल्यास ८४० उरतात आणि ८४० म्हणजे साठाची बरोबर चौदा आवर्तने.

६. ७८ की ७९?

शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम शाळेपासून सर्वांना पाठ असतो. तो अपुरा आहे. परळच्या लेखावर तो वापरून पाहा : ११०८ + ७८ = ११८६. पण ग्रंथांत तर ११८७ आहे. याउलट ११०९ + ७८ = ११८७ ही बेरीज कशी छान जुळते! यामुळेच ‘शके ११०९ (इ. स. ११८७)’ ही जोडी पाहताना कोणाला शंका येत नाही.

चूक कोठे आहे ते पाहू. शकवर्ष चैत्रात सुरू होते, इसवी वर्ष जानेवारीत. त्यामुळे एक शकवर्ष दोन इसवी वर्षांत विभागले जाते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळासाठी ७८ मिळवायचे; जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंतच्या काळासाठी ७९. शके ११०८ चा चैत्री पाडवा २३ मार्च ११८६ च्या सुमारास आला आणि त्या वर्षाची फाल्गुन अमावास्या ११ मार्च ११८७ च्या सुमारास. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारी ११८७ मध्ये पडतो. म्हणून ११०८ + ७९ = ११८७. हे उत्तर बरोबर आहे आणि त्यामागचे कारणही बरोबर आहे.

आता ११०९ गत मानून माघ महिन्याचा हिशेब करा : ११०९ + ७९ = ११८८. म्हणजे ७८ ची ढोबळ बेरीज ११८७ हेच उत्तर देते, पण माघासाठी ती लागूच पडत नाही. योग्य उत्तर चुकीच्या वाटेने मिळाले, तर पुढच्या लेखाच्या वेळी तीच वाट चुकीच्या उत्तराला नेते.

उलट्या बाजूनेही विचार करा. ‘सन ११८७ मधील घटना’ असे म्हटल्याने शकवर्ष ठरत नाही. सुलतान सलाहुद्दीनने हत्तीनच्या लढाईत ख्रिस्ती फौजांना हरवले ते ४ जुलै ११८७ रोजी आणि जेरुसलेम ताब्यात घेतले ते २ ऑक्टोबर ११८७ रोजी. परळचे दान आणि जेरुसलेमचा पाडाव इसवी सनाच्या हिशेबाने एकाच वर्षातले. शकगणनेने मात्र दान शके ११०८ मधले, पराभव संवत्सरातले आणि जेरुसलेमचा पाडाव शके ११०९ मधला, प्लवंग संवत्सरातला. ‘एकाच वर्षी’ या शब्दांना अर्थ येतो तो कोणाचे वर्ष, हे सांगितल्यावरच.

इसवी वर्षाची हद्दही तेव्हा सर्वत्र १ जानेवारी नव्हती. फ्लॉरेन्ससारख्या नगरांत २५ मार्चला वर्ष बदलत असे. तेथील लेखनिकाने आपल्या या माघ महिन्यातला दस्तऐवज ११८६ सालचाच म्हणून नोंदला असता. शिवाय १५८२ पूर्वीच्या तारखा इतिहासकार जुन्या जूलियन पंचांगाप्रमाणे देतात. बाराव्या शतकात ते आणि आजचे ग्रेगोरियन पंचांग यांत सात दिवसांचे अंतर होते.

आणखी एक दक्षता. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही शकाचाच आकडा आहे, पण तिचे महिने सौर आहेत. तिच्यातील चैत्र आणि पंचांगातील चैत्र एक नव्हेत. कोरीव लेखांच्या वाचनासाठी ती वापरू नये.

७. त्याच माघाच्या इतर नोंदी

आता परळच्या लेखाचा माघ महिना स्थिर धरू आणि आज मुंबईत नांदणाऱ्या इतर गणनांतून त्याच्याकडे पाहू.

*विक्रम संवत.* गुजरातच्या कार्तिकादी गणनेने तो माघ संवत १२४३ चा. उत्तर भारतातील चैत्रादी गणनेनेही १२४३ चाच. परंतु त्याच शकवर्षातील श्रावण घेतला, तर उत्तरेत १२४३ आणि गुजरातेत अजून १२४२. कारण गुजरातचे वर्ष दिवाळीनंतर बदलते. महिन्यांच्या नावांतही भेद आहे. आपल्याकडे व गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपल्या माघाचा वद्य पक्ष उत्तरेत फाल्गुनाचा कृष्ण पक्ष होतो. दान डभोईच्या देवाला, उत्पन्न माहूलच्या वाडीचे. दोन्हीकडच्या लोकांना आपापले वर्ष सांगायचे झाले असते, तर एकाने ११०८ म्हटले असते आणि दुसऱ्याने १२४३.

*हिजरी सन.* येथे त्या वर्षाची एक लक्षणीय गोष्ट दिसते. हिजरी ५८२ चा पहिला दिवस २४ मार्च ११८६ च्या सुमारास येतो. म्हणजे शके ११०८ आणि हिजरी ५८२ ही दोन वर्षे जवळजवळ एकाच चंद्रकोरीबरोबर सुरू झाली. त्या शकवर्षात अधिक मास आला नाही, म्हणून दोघांचे बारा महिने हातात हात घालून चालले : चैत्राबरोबर मोहरम आणि अकराव्या माघाबरोबर अकरावा जिल्काद. दोन्ही गणना चांद्र असल्याने महिन्याचे माप एकच. फरक पडतो तो अधिक मासाने. आपले पंचांग सुमारे तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून ऋतूंशी मेळ राखते. हिजरी गणना तसे करत नाही. म्हणून शके ११०८ ते १९४८ या ८४० वर्षांत हिजरी आकडा ५८२ वरून १४४८ वर जातो, म्हणजे ८६६ ने वाढतो. सव्वीस वर्षांचा हा फरक अधिक मासांचाच आहे. शके १९४८ या पराभव संवत्सरात ज्येष्ठ अधिक आहे, शके ११०८ च्या पराभवात कोणताच महिना अधिक नव्हता, हेही ध्यानात घ्या.

*यज्दगर्दी सन.* इराणचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द इ. स. ६३२ मध्ये गादीवर आला, तेथून पारशांची ही गणना सुरू होते. तिचे वर्ष ३६५ दिवसांचे, लीप दिवस नाही. त्यामुळे नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. निव्वळ ३६५ दिवसांच्या हिशेबाने यज्दगर्दी ५५६ चा पहिला दिवस २९ जानेवारी ११८७ येतो. म्हणजे आपल्या या एकाच माघात ५५५ संपून ५५६ लागते. पारशांतील शहेनशाही व कदमी या दोन गणनांत आज एका महिन्याचे अंतर आहे, तेव्हा पारशी साल वाचताना कोणती गणना हेही विचारावे लागते.

*इतर गणना.* कोकणातील बेने इस्रायल समाज ज्या यहुदी पंचांगाने सण पाळतो, त्यात हे वर्ष ४९४७ आणि महिना शेवात. जैनांच्या वीरनिर्वाण संवताचे हे १७१३ वे वर्ष. १९५६ साली ज्या गणनेने अडीच हजारावी बुद्धजयंती साजरी झाली, त्या बुद्धसंवताचे १७३० वे. पंचांगकर्त्यांच्या कलियुगाची ४२८७ वर्षे गत झालेली.

एकत्र मांडणी अशी :

• शक, गत — ११०८ (वर्तमान ११०९), पराभव संवत्सर, माघ
• विक्रम संवत — १२४३
• हिजरी — ५८२, जिल्काद
• यज्दगर्दी — ५५५, नंतर ५५६
• यहुदी — ४९४७, शेवात
• वीरनिर्वाण — १७१३
• बुद्धसंवत — १७३०
• कलियुग, गत — ४२८७
• इसवी, जूलियन — जानेवारी-फेब्रुवारी ११८७

आकडे इतके भिन्न असले तरी त्यांच्यावरचे आकाश एकच होते. सप्टेंबर ११८६ मध्ये डोळ्यांना दिसणारे ग्रह एकमेकांजवळ आले, तेव्हा युरोपातील ज्योतिष्यांनी प्रचंड वादळे व संहार यांची भाकिते केली होती. ती फोल ठरली. तीच ग्रहयुती कोकणातही झाली, शके ११०८ च्या भाद्रपद-आश्विनात. निरनिराळ्या कालगणना परस्परांत रूपांतरित करता येतात, याचे कारण हेच. सूर्य-चंद्राची गती सर्वांना समान आहे. मोजणी कोठून सुरू करायची आणि वर्ष कोठे तोडायचे, हे मात्र प्रत्येक समाजाने आपल्या स्मरणातील घटनेनुसार ठरवले आहे.

८. वाङ्मयेतिहासात याचे महत्त्व

या साऱ्या हिशेबाचा मराठीच्या विद्यार्थ्याला उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. मराठीचे वय सांगणारी आपली विधाने याच आकड्यांवर उभी आहेत.

मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे वर्ष परंपरेने शके १११० सांगितले जाते. परळच्या लेखापासून हा ग्रंथ किती दूर? दोन्ही आकडे गत मानले, तर शके १११० चा आरंभ ११८८ च्या वसंतात होतो, म्हणजे परळच्या माघानंतर वर्षभराहून अधिक काळाने. १११० हा आकडा वर्तमान वर्षाचा मानला, तर ते वर्ष मार्च ११८७ मध्येच, परळच्या माघानंतर अवघ्या काही आठवड्यांत सुरू होते. याच सुमारास पाचव्या भिल्लमाच्या नेतृत्वाखाली देवगिरीच्या यादवांची स्वतंत्र सत्ता उभी राहत होती. अशा वेगाने बदलणाऱ्या काळात कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवताना एका वर्षाचा फरक नगण्य नसतो.

दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. तेथील गोमटेश्वराच्या पायथ्याच्या प्रसिद्ध मराठी ओळींसमोर अनेक पुस्तकांत ‘शके ९०५’ छापलेले असते. पण त्या ओळींत साल कोरलेले नाही. ते मूर्तीच्या निर्मितिकाळावरून केलेले अनुमान आहे. मराठीतील आद्य लेख श्रवणबेळगोळचा की शके ९३४ चा मानला जाणारा आक्षीचा, हा वाद वाचताना प्रथम विचारावे : आकडा दगडावर आहे, की अभ्यासकाच्या तर्कात? दोन्हींचे वजन सारखे नसते.

पुढे मराठेशाहीची कागदपत्रे वाचताना तुम्हाला सुहूर सन आणि राज्याभिषेक शक भेटतील. त्यांची कोष्टके निराळी आहेत, परंतु विचारायचे प्रश्न हेच राहतील.

९. सारांश

जुन्या लेखातील वर्षाचा आकडा वाचताना चार प्रश्न विचारावेत. गणना कोणती? आकडा गत वर्षाचा की वर्तमान वर्षाचा? वर्ष कोणत्या महिन्यात बदलते? आणि त्या आकड्याला संवत्सर, महिना, तिथी, वार यांपैकी कोणाचा दुजोरा आहे? परळच्या शिलालेखाच्या बाबतीत ११०८ व ११०९ या दोन आकड्यांतील विसंगती पराभव या संवत्सरनामाने सुटते आणि ११८७ हे इसवी वर्ष माघ महिन्यामुळे निश्चित होते. माहूलच्या वाडीचे चोवीस द्रम्म केव्हाच खर्च झाले आणि ते दानही उरले नाही. ज्या मराठीत त्याच्या रक्षणासाठी ताकीद कोरली, ती भाषा परळ-लालबागच्या रस्त्यांवर आजही बोलली जाते. तिचे वय सांगताना आपला हिशेब चोख असावा, एवढी अपेक्षा तिने आपल्याकडून ठेवली तर ती वाजवीच म्हणावी लागेल.

१०. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) शके १११० या गत वर्षाचे संवत्सर कोणते?
(आ) दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा आहे. त्या वर्षाचे संवत्सर काढा. महिना मार्गशीर्ष असल्यास सामान्यतः ७८ मिळवाल की ७९? सकारण लिहा.
(इ) ‘परळचा लेख आणि जेरुसलेमचा पाडाव एकाच वर्षातील आहेत’ या विधानाची चिकित्सा करा.
(ई) तुमच्या घरातील दिनदर्शिकेत एकाच दिवसासाठी किती कालगणना दिल्या आहेत ते पाहा. प्रत्येकीचे वर्ष कोणत्या महिन्यात बदलते याची नोंद करा.

उत्तरांसाठी दिशा : (अ) १११० + १२ = ११२२; बाकी ४२; कीलक. (आ) ९८२ + १२ = ९९४; बाकी ३४; शार्वरी. त्या काळी मार्गशीर्ष सामान्यतः डिसेंबरअखेरीपूर्वी संपत असल्याने ७८ मिळवावेत, वर्ष इ. स. १०६०. (इ) भाग ६ पाहा. (ई) उत्तर तुमच्या निरीक्षणावर अवलंबून राहील.